रिकाम्या आठ ओळी

पंढरीनं कॉम्प्युटर घेतला तेव्हा बाळकुमच्या अर्ध्या कोळीवाड्यानं तो येऊन पाहिला आणि उरलेल्या अर्ध्यानं न पाहताच नावं ठेवली. साल सत्त्याण्णव. पंढरी जवळच्याच एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होता. दिवसभर नमुने तपासायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. अशा माणसानं घरी येऊन गाणी करावीत हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. घरात पेटी नाही, तबला नाही, आणि हा टेबलाशी बसून माऊस हलवतो नि म्हणतो, चाल बांधतोय. त्याची बायको वासंती म्हणायची, "दारू तर पीत नाय ना, मग बसू दे."

कारखान्यातल्या एका मित्रानं फ्लॉपीवर प्रोग्रॅम आणून दिला होता. पडद्यावर चार उभे रकाने आणि त्यांत एकाखाली एक ओळी. ज्या ओळीवर जो आवाज लिहावा तो, उजेडाची पट्टी तिथे पोचली की, वाजायचा. ओळ रिकामी सोडली की तेवढा वेळ शांतता. आवाज आपले आपण माइकवर घ्यायचे. मेमरी बेताची, म्हणून तीन सेकंदांच्या वर एकही नाही. पंढरीनं पातेली वाजवली, होडीच्या फळीवर वल्हं आपटलं, सुकटीच्या टोपलीवर बोटं फिरवली आणि त्यातून एक ठेका केला. तो चांगला जमला होता. पंढरीला स्वतःला तसं म्हणायची लाज वाटायची, एवढंच.

मग त्याला त्यावर आईचा आवाज हवासा वाटला.

आई, भागीरथी, वाड्याची धवलारीण. लग्नात धवले गाऊन सगळे विधी चालवायचे हे तिचं काम. तिची रीत अशी, की हळदीच्या आधी घरातल्या मेलेल्या वडीलधाऱ्यांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. ती हाक मारायची, थांबायची आणि मग पुढची ओळ म्हणायची: बसा, पाटावर बसा. मधे किती थांबायचं हे ठरलेलं नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "तो आयला का मना कलतं."

माइकसमोर बसून तिनं आपल्या घरच्यांना बोलावलं. पणजा गोमाजी आला, चुलता दादू आला. नवऱ्याला तिनं बोलावलं नाही. एक तर नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, तो मेल्याचं तिला मान्यच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली दामाजी खाडीत गेला. होडी सापडली, माणूस सापडला नाही. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात हिरव्या बांगड्या. वासंती लग्न होऊन आली ती त्यानंतर बारा वर्षांनी. तिनं सासऱ्याचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, कारण कुणी तो काढलाच नव्हता. आईच्या कुंकवाबद्दल वाड्यात पाठीमागे कुजबुज चाले, तोंडावर कुणी बोलत नसे. पंढरीही नाही.

एका रविवारी आई मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात गेली होती. चाल जुळवता जुळवता पंढरीला एकदम वाईट वाटलं. सगळ्या घराला आवतण, आणि बाप तेवढा दाराबाहेर. आईच्या तोंडून ते नाव एकदा तरी ऐकावं असं त्याला फार वाटलं. त्यानं दादूमधला 'दा' कापला, गोमाजीतला 'माजी' कापला आणि दोन्ही जोडले. सांधा ऐकू येत होता, पण चालण्यासारखा होता. खाली आठ ओळी रिकाम्या सोडून नवव्या ओळीवर त्यानं 'बसा, पाटावर बसा' टाकलं. घड्याळात एक वाजला होता.

चाल सुरू झाली. आईनं बापाला हाक मारली. पट्टी पहिल्या रिकाम्या ओळीवर आली आणि तिथेच थांबली.

अडकला, असं म्हणून त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. फाइल उघडली तर पट्टी त्याच ओळीवर. वर जाईना, खाली येईना. बाकीच्या चाली सुरळीत वाजत होत्या. त्यानं फ्लॉपी देणाऱ्या मित्राला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि जेवायला गेला.

सोमवारी संध्याकाळी पट्टी तिसऱ्या ओळीवर होती. मंगळवारी संध्याकाळी पाचव्या. मधल्या वेळात कॉम्प्युटर कुणी लावला नव्हता. वासंती त्याला हात लावायला घाबरायची, आणि आई त्याच्याकडे पाठ करून बसायची. पंढरीनं वहीत तारीख, वेळ आणि ओळ असे रकाने आखले. शेजारी आणखी एक नोंद करावी लागली. नावातला सांधा आता ऐकू येत नव्हता. आवाजाचं चित्र पडद्यावर मोठं करून पाहिलं, तरी कापल्याची खूण सापडली नाही. आवाज आईचाच होता, पण तरुणपणचा वाटत होता.

बुधवारी त्यानं रजा टाकली आणि पडद्यासमोर खुर्ची घेऊन बसला. पट्टी सहाव्या ओळीवर होती. साडेतीनला ती सातव्या ओळीवर सरकली. बाकी काहीच झालं नाही. बाहेर पडवीत आई बोंबील निवडत होती.

"भरती भरली," ती वासंतीला म्हणाली. "खालची सुकट उचल गो."

पंढरीनं वही पुढे ओढली. कोळ्याच्या पोराला भरतीच्या वेळा कुणी शिकवाव्या लागत नाहीत. रविवारी भरती एकला होती. रोज पन्नास मिनिटं उशिरा, आणि दिवसाला दोन भरत्या. दोन भरत्या, दोन ओळी. नववी ओळ उद्या दुपारी चार वीसला येत होती.

तो उठून पडवीत गेला आणि आईला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मना आयकव," ती म्हणाली.

त्यानं नुसतं ते नाव वाजवलं. आईनं ते ऐकलं, पुन्हा वाजवायला लावलं, आणि पुन्हा ऐकलं.

"तू त्यांना मेल्यांच्यात बोलावलास, पंढरी."

"आये, दोन तुकडे जोडलेत गो. नुसता आवाज हाय."

"माजाच हाय ना?"

"मी पुसून टाकतो," तो म्हणाला.

"नको. हाक मारली, आता वाट बघाची." लुगड्याला हात पुसत ती म्हणाली, "नाय आयले तर जिते हाईत. आयले तर…"

पंढरीची नजर तिच्या कपाळाकडे गेली आणि त्यानं ती वळवली.

ती आत गेल्यावर त्यानं फाइल पुसायचं बटण शोधलं. खरंच पुसायची का, असं पडद्यानं विचारलं. पंढरीनं नको म्हणून सांगितलं. एकोणीस वर्षं जे कळलं नव्हतं ते त्यालाही कळून घ्यायचं होतं, आणि त्याची त्याला शरम वाटली.

गुरुवारी आई बाजारात गेली नाही. अंघोळ करून तिनं चांगलं लुगडं नेसलं, ताजं कुंकू लावलं, टेबलासमोर एक पाट मांडला आणि स्वतः जमिनीवर बसली. पंढरी खुर्चीवर.

चार वाजले. पट्टी आठव्या ओळीवर होती.

ती सरकू नये असं पंढरीला वाटत होतं. आपण बांधलेल्या चालीपेक्षा आईचं कुंकू मोठं, हे त्याला आता कळून चुकलं होतं.

सव्वाचार. मागच्या नव्या इमारतीवर गवंडी विटा फोडत होता. तो फोडत राहिला.

चार वीस.

पट्टी सरकली.

"बसा," आईचा आवाज म्हणाला, "पाटावर बसा."

मागोमाग ठेका सुरू झाला. वल्हं, पातेली, टोपली. त्यानं बांधला होता तसाच.

पंढरीनं पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा होता. त्यानं पुन्हा नीट पाहिलं. रिकामाच होता. त्याला एकदम हलकं वाटलं.

"बघ आये," तो म्हणाला. "कोण नाय."



आतून वासंती चहा घेऊन आली. अंगावर घरातला गाऊन, हातात दोन कप. उंबऱ्यात ती थबकली आणि पटकन मागे वळली. परत आली ती डोक्यावरून ओढणी घेऊन, मान खाली घालून, ताटलीत तीन कप ठेवून.

"आई," तिनं हळूच विचारलं, "मामंजींना गोड चालतो ना?"

"त्यांना गोडच लागतो," आई म्हणाली, आणि पदराच्या टोकानं तिनं कपाळ पुसलं.