सरनोबत सरांचे प्रतिसामने

‘असे केले तर काय होईल’ हे मोजणाऱ्या पर्यायगणकाने दिलेले उत्तर डॉ. शर्वरी इंगवलेने दोनदा वाचले. उत्तर वाईट होते एवढेच नव्हे, ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

पडद्यावर दोनच ओळी होत्या. वसंत सरनोबत राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक राहिले, तर पात्रता फेरीचा सामना जिंकण्याची शक्यता शेकडा तीस. त्यांना काढून फुटबॉल मंडळाने हेरून ठेवलेला परदेशी प्रशिक्षक आणला, तरी तीसच. आणि उद्या मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील भोईटे तिला एकच प्रश्न विचारणार होते, ठेवायचे की काढायचे? ‘दोन्ही सारखेच’ असे सांगितले तर ते काय करतील हे कळायला गणकाची गरज नव्हती. हरणाऱ्या संघात काहीतरी बदलल्याचे लोकांना दाखवावे लागते, आणि अकरा खेळाडू बदलण्यापेक्षा एक प्रशिक्षक बदलणे सोपे असते.

त्यात शर्वरीची स्वतःची एक अडचण होती. कोल्हापुरात मुलींना कोणी मैदानात पाऊल ठेवू देत नव्हते, त्या काळात सरनोबत सरांनी तिला संघात घेतले होते. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होते. तिने सरांच्या बाजूने ब्र काढला असता, तर ‘गुरुदक्षिणा दिली’ म्हणून हसायला सगळे मोकळे होते.

“पुन्हा तपासू,” ती म्हणाली.

“किती वेळा तपासणार?” नौशाद तांबोळीने विचारले. तो क्रीडासंशोधन केंद्राचा गणिती. गणक दोघांनी मिळूनच बांधला होता.

“बरं, मी भोईटे आहे असं समज. हे तीस आले कुठून ते सांग. बोलता बोलता चूक सापडेल.”

नौशादने घसा खाकरला. “साहेब, प्रत्येक खेळाडूच्या अंगात संवेदी बनियन असते. तो कधी धावतो, कधी बिचकतो, चेंडू आला की कोणाकडे बघतो, हे सगळं साठवून आम्ही त्याचा निर्णयठसा बनवतो. असे अकरा ठसे एकत्र आणले की झाला प्रतिसंघ. मग तोच सामना गणकात हजारो वेळा खेळवायचा आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. निकालात जो फरक पडेल, तो त्या गोष्टीमुळे.”

“आणि फरक पडलाच नाही तर?”

“तर दोष त्या गोष्टीत नाही.”

“मग आहे कशात? दोन वर्षांपूर्वी हीच मुलं, हेच सर, आणि दहातले सहा सामने आपण जिंकत होतो!”

प्रशिक्षक बदलून झाला होता. गवत, हवामान, प्रवास, जेवण, सगळे बदलून झाले होते. नौशादने हात टेकले. शर्वरीला बसवेना, म्हणून ती उठून केंद्रामागच्या सराव-मैदानावर गेली.

मैदानाच्या कडेला तिचा लाडका गुणफलक होता. खेळाडूने घेतलेला प्रत्येक निर्णय गणक तोलायचा आणि फलकावर त्याच्या नावापुढे निर्धोक निर्णयाला हिरवा आणि धोक्याच्या निर्णयाला लाल दिवा लागायचा. दोन वर्षांपूर्वी संघ चांगला चालला असताना तो आणखी चांगला व्हावा म्हणून भोईट्यांनी हौसेने बसवून घेतला होता आणि उद्घाटनाला शर्वरीने भाषणही ठोकले होते.

मिझोरामचा लालरेमा डावीकडून सुसाट आत घुसला. समोर फक्त गोलरक्षक. लालरेमाने मान वळवून फलकाकडे पाहिले आणि चेंडू गुपचूप मागे दिला. हिरवा दिवा लागला. टाळी कोणी वाजवली नाही.

“काय गं पोरी, निकाल घेऊन आलीस व्हय?” सरनोबत सर बाकावरून म्हणाले. आवाज खट्याळ होता, पण चेहरा उतरला होता.

“अजून नाही, सर. पण त्याने चेंडू गोलात का नाही मारला?”

“माझा नियम ठाऊक हाय न्हवं तुला? सामन्यात प्रत्येकाला एक येडेपणा माफ. जमला तर गोल, न्हाई जमला तर मी बोलणार न्हाई. आपले निम्मे गोल त्यातनंच व्हायचे. आता मी माफ करतो, पण त्यो फलक माफ करत न्हाई. पोरं येडेपणा करायलाच तयार न्हाईत.”

“मग तुम्ही त्यांना सांगा ना!”

“कुठल्या तोंडानं सांगू? मीबी भ्यायलोय की. ज्याला जास्त हिरवे दिवे, त्यालाच खेळवतो. भोईटे साहेब दिव्यांचा अहवाल वाचत्यात.”

शर्वरी तशीच धावत प्रयोगशाळेत आली. “नौशाद, आपण सगळं बदललं, पण गणक बदलला नाही! आपण समजत होतो तो बाहेरून बघतोय. तो मैदानातच आहे.”

“पण गणक नसतानाचे ठसे आणायचे कुठून?”

“मार्चमध्ये फलक बिघडला होता. दुरुस्त होईपर्यंत सगळे समजत होते की यंत्रणाच बंद आहे. बनियनी मात्र चालू होत्या.”

नौशादने ते ठसे घातले. प्रतिसामने सुरू झाले आणि दोघे पडद्यासमोर उभे राहिले. सरनोबत, फलकाशिवाय: शेकडा चौसष्ट. परदेशी प्रशिक्षक, फलकाशिवाय: शेकडा पन्नास. शर्वरीला आनंद झाला आणि त्याच क्षणी रडूही आले. दीड वर्ष ती ज्या माणसाचा दोष शोधत होती, त्याच्या संघाला तिनेच खिळखिळे केले होते.

भोईट्यांनी दुसऱ्या दिवशी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते ‘गुरुदक्षिणा’ म्हणाले नाहीत. आकडे त्यांना पटले आणि तिथेच घात झाला.

“म्हणजे सरनोबतांना ठेवायचं. उत्तम! आणि मार्चमध्ये गणक खरोखर बंद होता का, मॅडम?”

“नाही. पण तसं त्यांना वाटत होतं.”

“म्हणजे चालू असून भागतं. ठाऊक नसलं की झालं.” भोईटे खुर्चीत रेलले. “फलक उतरवा, बंद केल्याचं जाहीर करा. बनियनी हृदयाचे ठोके मोजायला घालायच्याच आहेत. अहवाल फक्त माझ्याकडे येईल. सरनोबत चुकले तर मला कळायला नको?”

“हे फसवणं झालं, साहेब.”

“तुमच्याच गणिताने सांगितलंय. आणि हे बाहेर फुटलं तर शक्यता परत तीस, हेही त्यानेच सांगितलंय. मग सरांना काढावं लागेल. विचार करून बोला.”

तिने आकडे पुन्हा पाहिले. त्यांचे खरेच बरोबर होते.

दुपारी कामगार फलक उतरवत होते. खेळाडू लांबूनच बघत होते, अजून कोणाचा विश्वास बसत नव्हता. सरनोबत सर तिच्याजवळ आले.

“बंद केलंस न्हवं समदं?”

एका शब्दावर त्यांची नोकरी होती आणि संघाचा सामनाही. “हो, सर,” शर्वरी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले. “खोटं बोलताना तुझी मान अजून खाली जाती.”

तिला मान वर करता येईना. आता सरांना कळले होते. ते पुन्हा भिणार, हिरव्या दिव्यांचा हिशोब मनात ठेवून संघ निवडणार, आणि काय होणार ते तिला आकड्यासकट पाठ होते. “सर, मी...”

“गप.” त्यांनी एकदा भोईट्यांच्या कचेरीच्या खिडकीकडे पाहिले, मग शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकली आणि मैदानाच्या मधोमध गेले. “बंद झालं रं यंत्र! शर्वरीनं सवता सांगितलंय! आता कोण बघत न्हाई, खेळा बिनघोर!”

पोरांनी एकच गलका केला. सर मागे वळले नाहीत. त्यांनी लगेच सरावासाठी दोन संघ पाडले आणि एकात त्या मुलाला घेतले, ज्याला गेल्या अहवालात सर्वांत जास्त लाल दिवे होते.

शर्वरीचा फोन वाजला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून सगळे पाहणारा नौशाद दबक्या आवाजात बोलत होता. “सरांना कळलं ना? प्रशिक्षकाला ठाऊक आहे आणि खेळाडूंना नाही, हा पर्याय आपण मोजलेलाच नाही. लावू का गणकाला?”

“नको,” शर्वरी म्हणाली. “तो मोजायचा नाही.”