तुंगा आत्याचं कानाचं यंत्र

थापा मारायची मला सवय नाही. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा तर मला मनस्वी कंटाळा. पण हे आमच्याच घरात घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत. पटलं तर घ्या.

साल १९९४. बेंगळुरू, मल्लेश्वरम. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

माझा थोरला भाऊ सुधींद्र, म्हणजे आमचा अण्णा, गिटारवेडा होता. कान असा तयार, की शेजारचा कुकर कुठल्या सुरात शिट्टी देतो ते सांगायचा. कॉलेजच्या बँडमध्ये त्याला घेणार होते. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

फक्त त्या पोरांना गिटारचा आवाज फाटलेला, खरखरीत हवा होता. त्यासाठी एक पेडल लागतं, पायाने दाबायचं. विकतचं परवडेना, म्हणून अण्णाने मासिकातल्या आकृतीवरून घरीच करायला घेतलं. येत काही नव्हतं. आधी बोटं भाजून घेतली, मग आईची चटई.

एस. पी. रोडवर वायरी, बटणं सगळं मिळालं. आकृतीतले जुने ट्रान्झिस्टर, तीन तारांचे इवलेसे भाग, तेवढे मिळेनात.

ते घरातच निघाले.

तुंगा आत्याच्या कानाच्या यंत्रात...

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडेच राहायची. यंत्राशिवाय ठार बहिरी. पोलक्याला काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र अडकवलेलं, त्यातून कानात वायर. ती खोलीत यायच्या आधी यंत्राची बारीक शिट्टी यायची. आदल्या वर्षी ती गेली. तेराव्याला तिची काठी, चष्मा, चपला, सगळं दान केलं. गेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू आमच्यात मागे ठेवत नाहीत. पण यंत्राबद्दल बाबा म्हणाले, "भटजी त्याचं काय करणार?" आणि ते कपाटात राहून गेलं.

अण्णाने ते उघडलं, दोन ट्रान्झिस्टर काढले आणि प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत सोल्डर करून टाकले. झालं पेडल.

आई फुलं आणायला मार्केटात गेली होती. बाबा चिक्कपेटेतल्या दुकानात. घरात आम्ही दोघंच. अण्णाने पेडल आमच्या जुन्या रेडिओला जोडलं, तोच त्याचा स्पीकर. पायाने दाबलं. गिटार अशी गरजली की खिडकीची तावदानं थरथरली. अण्णा खुळ्यासारखा हसत सुटला.

मग त्याने गिटारची वायर काढली.

आता आवाज थांबायला हवा होता...

कुईं...

आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं.

दारात कोणी नव्हतं.

"वायर सैल असेल गं कुठेतरी," अण्णा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मग रेडिओतून खसखस ऐकू आली... यंत्रावर लुगड्याचा पदर घासतोय, अशी.

आणि मग...

"कोण बोलतंय? मोठ्यानं बोल की."

आत्याचा आवाज. तिचाच.

अण्णा पांढराफटक पडला होता. तरी त्याच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, मी सुधी."

"हां. आता येतंय ऐकू."

अण्णाने डावा कान चोळला. पुन्हा चोळला.

"शिल्पा, मला या बाजूने काहीच..."

"छान येतंय रे बाळा," रेडिओतून आवाज आला. "स्वल्प अजून दे. थोडंसंच."

मी झडप घालून डबीतली बॅटरी उपटली. बॅटरी माझ्या मुठीत होती...

"स्वल्प अजून."

मी जिवाच्या आकांताने अण्णाला हाका मारत होते. तो नुसता माझ्या ओठांकडे बघत होता.

"बोल ना शिल्पा," तो म्हणाला. "बोलत का नाहीस?"

मी डबी उचलून भिंतीवर आपटली. वायरी तुटल्या. रेडिओ गप्प झाला.

उजव्या कानाने त्याला रात्रीपर्यंत ऐकू यायला लागलं. डाव्याने कधीच नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, म्हणाले, कानात बिघाड नाही. बँडमध्ये दुसऱ्या कुणाला घेतलं. अण्णा कितीतरी दिवस जेवायलाही उठत नव्हता. फार वाईट दिवस होते ते.

आई बाबांना एवढंच म्हणाली, "वन्संचं त्यांना परत द्या."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आप्पाजींकडून बाबांनी ते ट्रान्झिस्टर पुन्हा यंत्रात बसवून घेतले. भटजींना द्यायला गेलो, तर त्यांनी हात पुढे केला नाही. शेवटी आईने त्यात नवा सेल घातला आणि यंत्र फडताळात ठेवलं. सेल भरलेला असला की वन्संना दुसऱ्याचा कान लागणार नाही, असं तिचं म्हणणं.

आई गेल्यापासून सेल मी बदलते.

यंत्राचं बटण बंद असतं. दर वेळी मी नीट बघते. तरी सेल संपतो...

पूर्वी वर्षभर चालायचा. हल्ली आठवडाही काढत नाही.

अण्णाला मी हे सांगितलेलं नाही. तो मुलांना गिटार शिकवतो, उजवा कान पुढे करून. त्याच्याकडे तेवढा एकच उरलाय.