तिसऱ्या जागेवरची रायफल

आफ्राला उशीर झाला तो सायकलमुळे. बाहेर ओला बर्फ भुरभुरत होता, चर्चच्या वळणावर मागचं चाक बसलं आणि उरलेला चढ तिला सायकल ढकलत चढावा लागला. खानावळीच्या तळघराच्या पायऱ्या ती धडधडत उतरली, टोपीवरचा बर्फ झटकला आणि – थबकली.

नेम धरायला उभं राहायच्या तिसऱ्या जागेवर कुणीतरी उभं होतं. उंच, पाठमोरं, हिरव्या स्वेटरचं कोपर उसवलेलं. आणि त्याच्या गालाला लागून होती तिची रायफल.

तशी ती तिची नव्हती, गावच्या नेमबाज मंडळाची होती. आफ्राची आई तान्ही होती तेव्हा कारखान्यातून निघालेली, तिच्यासारख्याच हजारो बहिणींबरोबर. अक्रोडाचं लाकूड, बाजूला ओढायचा दांडा, छर्रा सुटला की नळी आपल्याआपण जराशी मागे सरकायची आणि खांद्याला पत्ताही लागायचा नाही. शाळकरी आफ्राला पहिल्यांदा हीच हातात मिळाली. आता ती गावच्या बालवाडीत शिकवायची, पण शुक्रवार संध्याकाळ आणि तिसरी जागा काही सुटली नव्हती.

"एक मिनिट," ती म्हणाली. "ती खाली ठेवा."

त्याने सावकाश रायफल उतरवली आणि वळून पाहिलं. पापण्या मात्र मुलींच्या असाव्यात तशा लांब. "माझं काही चुकलं का?"

"ती माझी आहे."

"असं?" त्याने लाकडावरची पितळी पट्टी अंगठ्याने पुसली. "इथे तर 'नेमबाज मंडळ' लिहिलंय. मोठं वेगळं नाव आहे तुमचं."

कोपऱ्यात निशाणाचे कागद लावत बसलेले वेंडेलिनकाका खुदकन हसले. मंडळाचे प्रमुख तेच. "आफ्रा, हा क्वीरिन. गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली नवा आलाय. आणि पोरांनो, या तळघरात अहो-जाहो चालत नाही. भांडायचं तर अरे-तुरेने भांडा. रायफल जो आधी येईल त्याची, हे तिलाही ठाऊक आहे."

"मीच आधी येते. नेहमी."

"आणि आज?" क्वीरिनने विचारलं.

"आज टायर बसला."

"मग टायरचा मी ऋणी आहे," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा गाल लाकडावर टेकवला. बरोबर तिथेच, जिथे इतकी वर्षं तिचा गाल टेकून टेकून लाकूड तुकतुकीत झालं होतं. आफ्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पुढच्या शुक्रवारी ती इतक्या लवकर आली की खानावळीची फरशी अजून ओली होती. तर हा पायरीवर बसून पाव खातोय. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती पायरीवर होती आणि तो धापा टाकत आला, बुटांना गोठ्याचा वास, बाहीवर वाळलेलं काहीतरी.

"गाय अडली होती," तो म्हणाला.

"वासरू?"

"उभं राहिलं. पण तू जिंकलीस."

शेवटी काकाच वैतागले. "अर्धा वेळ ती, अर्धा वेळ तो. बास. नाहीतर मी दोघांनाही दोरीने बांधलेली खेळण्यातली बंदूक देईन."

बाकीच्यांना हे भांडण कळायचं नाही. त्यांच्या रायफली नव्या होत्या – निळ्या, लाल, जागोजाग स्क्रू, पोटात हवेची टाकी. दवाखान्यातली यंत्रं असावीत तशा दिसायच्या आणि नेमही सुरेख धरायच्या. पण एखादा जण दोन घोट बिअरनंतर गुपचूप तिसऱ्या जागेपाशी यायचा, जुनीचा दांडा एकदा ओढून पाहायचा, तो जाड, तेलकट आवाज ऐकायचा आणि परत जायचा.

"मी माझी विकली ना," काका एकदा म्हणाले. "नवी घेतली. गुण वाढले. पण स्वप्नात येते ती जुनीच. हे माझ्या बायकोला बोलू नकोस."

आणि मग ती चकती. नेम धरताना डोळ्याशी येते ती, मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असलेली. प्रत्येकाचा डोळा वेगळा, म्हणून प्रत्येकाची चकती वेगळी फिरवावी लागते. क्वीरिनच्या डोळ्यावरून आपल्या डोळ्यावर यायला आफ्राला ती थोडी डावीकडे, किंचित वर न्यावी लागायची. टक्... टक्... टक्. पहिल्यांदा तिने ती रागाने फिरवली. मग सवयीने. मग एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की ती हे फार हळू करते. लाकूड त्याच्या गालाने अजून कोमट असायचं, आणि तिला वाटायचं, आत्ता या भोकातून त्याने जे पाहिलं ते आपण पाहतोय... किंचित डावीकडून.

"काय गं, झोपलीस का?" तो मागून म्हणायचा.

"तुझा डोळा किती तिरका आहे ते बघतेय."

"सरळच आहे. तुझ्याकडे बघून बघून झाला असेल तिरका."

नाताळच्या आधी रोमी आली. शहरातली, जिल्ह्याच्या संघातून नेम मारणारी, या मोसमात गावच्या मंडळात दाखल झालेली. तिच्याकडे सगळ्यांत महागडी निळी रायफल होती, बोटं लांबसडक होती, आणि हसली की गालाला एकच खळी पडायची. एकच. आफ्राला ते उगाचच आगाऊपणाचं वाटलं. रोमीचा दुसरा नाद म्हणजे जुन्या रायफली. लोकांच्या माळ्यांवरून शोधून काढायच्या, खराब झालेली रबरी कडी बदलायची, लाकडाला तेल पाजायचं.

"हिच्यासारख्या आता मिळत नाहीत," तिसऱ्या जागेपाशी येऊन रोमी म्हणाली आणि तिने लाकडावरून हात फिरवला. "शहरात लोक वेडे झालेत हिच्यासाठी. क्वीरिन, मला दाखवशील?"

क्वीरिनने दाखवली. दोघं तासभर डोकी जोडून काहीबाही बोलत होते. आफ्रा चौथ्या जागेवर उभी राहून दुसऱ्याच कुणाच्या रायफलीने भिंत बघत राहिली. आपली सवत नक्की कोण, हेच तिला उमगेना. रोमीने रायफलीला हात लावला म्हणून जळतेय, की क्वीरिनच्या बाहीला लावला म्हणून?

पुढच्या शुक्रवारी तिने रायफल उचलली, सवयीने चकतीवर बोट ठेवलं, थोडी डावीकडे, किंचित वर – आणि डोळा लावला तर काळा ठिपका भलतीकडेच. तिने पुन्हा पाहिलं. चकती तिच्या डोळ्यावर नव्हती. त्याच्या डोळ्यावरूनही निघालेली नव्हती. मधल्या दिवसांत तिसऱ्याच कुणाचा तरी डोळा या भोकाला लागून गेला होता.

तिने लाकूड हुंगलं. अक्रोड, तेल, आणि... गुलाबाची क्रीम.

"मधल्या दिवसांत इथे कोण होतं?" तिने विचारलं.

क्वीरिनचे कान लाल झाले. "मी होतो. आणि रोमी. मंगळवारी. काकांकडून किल्ली घेतली होती."

"बरं."

"आफ्रा, ते म्हणजे –"

"बरं म्हटलं ना. रायफल मंडळाची आहे. जो आधी येईल त्याची."

त्या संध्याकाळी तिचा एकही छर्रा काळ्यात गेला नाही. तो तिला घरापर्यंत सोडायला निघाला, तर तिने सांगितलं की सायकल दुरुस्त झाली आहे.

नाताळनंतर जानेवारीत येणाऱ्या तीन राजांच्या सणाला मंडळाचा राजा ठरायचा. प्रत्येकाला एकच छर्रा, एकच संधी. ज्याचा सगळ्यांत मध्यावर, तो वर्षभर राजा, गळ्यात चांदीच्या नाण्यांची साखळी. दुसऱ्याच्या गळ्यात सॉसेजची माळ, तिसऱ्याच्या ब्रेझनची, म्हणजे खारट, पीळदार पावांची. यंदा काकांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. मंडळाला नव्या रायफली येणार होत्या, कपाटात जागा नव्हती. तिसऱ्या जागेवरची जुनी जाणार होती जो राजा होईल त्याच्या घरी.

सगळ्यांनी आधी आफ्राकडे पाहिलं. मग रोमीकडे, कारण जिल्ह्यात नाव होतं तिचं.

सणाच्या दिवशी तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रोमीने तिच्या निळ्या रायफलीने शांतपणे छर्रा मारला आणि बाजूला झाली. राजाच्या नेमाचे कागद मध्येच जवळ ओढून पाहायचे नाहीत, सगळ्यांचं झालं की एकदम, अशी रीत. क्वीरिनने तिसऱ्या जागेवरून जुनीने नेम मारला, तोंड वाकडं केलं, रायफलीशी क्षणभर वाकून काहीतरी केलं आणि ती आफ्राच्या हातात दिली.

"जा," तो हळूच म्हणाला. "घरी घेऊन ये तिला."

आफ्रा चौथ्या जागेवर उभी राहिली, तिचा कागद तिथे लावलेला होता. लाकूड कोमट होतं. नेम धरता धरता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं – रोमी क्वीरिनच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, आणि तो हसत होता. त्याच्या बाहीवर ती लांबसडक बोटं. आफ्राच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पुन्हा गाल टेकवला, काळा ठिपका शोधला, तो भोकात छान गोल बसला, आणि तिने बोट दाबलं.

रायफल खाली आणली तेव्हा तिला नेम धरलेल्या कागदावरचा जागेचा आकडा दिसला. तीन.

कागद ओढले गेले. काकांनी ते एकेक करून दिव्यासमोर धरले. "रोमी, फार सुंदर, जवळजवळ मध्यावर... आफ्रा, तुझा कोरा कसा? आणि क्वीरिनच्या कागदावर दोन भोकं. एक मध्यापासून जरासं बाजूला, आणि एक..." ते थांबले. "एक इतकं मध्यावर की माझ्या आजोबांनीही मारलं नसतं."

तळघरात हशा पिकला. "आफ्रा, शेजाऱ्याच्या शेतात नांगर घातलास की," कुणीतरी म्हणालं.

"माझा त्याच्या कागदावर गेला," आफ्रा म्हणाली. चेहरा तापला होता. "म्हणजे मी बाद."

"बाद. पण भोक कुणाचं कोणतं? ठरत नसेल तर चांगलं ते कागदाच्या मालकाचं. नियम आहे."

"ठरवायचं काय त्यात, मधलं त्याचंच," ती घाईने म्हणाली. रायफल निदान रोमीच्या गाडीतून जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. पण आपण म्हणतोय ते तिला खरंही वाटत होतं. "मी चकती फिरवायलाच विसरले, काका. त्याच्याच डोळ्यावर होती. माझा भरकटणारच."

"भरकटला नाही," क्वीरिन म्हणाला.

सगळे वळले.

"तुला फिरवायची गरज नव्हती. तुझ्या हातात द्यायच्या आधी मी ती तुझ्या डोळ्यावर आणली होती. थोडी डावीकडे, किंचित वर." त्याचे कान लाल होते, पण आवाज ठाम होता. "मधलं आफ्राचं आहे, काका. बाजूचं माझं. सुटतानाच कळलं होतं मला."

कुणी खोकलं. कुणाचा तरी ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. काकांनी कागद खाली घेतला आणि पुष्कळ वेळ चष्मा पुसला.

"मग," ते म्हणाले, "राणी रोमी."

चांदीची साखळी रोमीच्या गळ्यात पडली आणि सॉसेजची क्वीरिनच्या. अंधार पडायच्या आत रोमीने रायफल लोकरीच्या चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली. जाताना ती आफ्रापाशी आली. "सांभाळीन हं मी," ती म्हणाली. आफ्राने मान हलवली. गाडीचे दिवे वळणाआड गेले तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय, आणि शेजारी क्वीरिन उभा आहे, सॉसेजच्या माळेसकट.

"गप्प बसला असतास तर तुझी झाली असती ती," ती म्हणाली.

"हो. आणि दर शुक्रवारी तुझ्यासमोर चोरासारखा उभा राहिलो असतो."

"माझ्या चकतीचं टक्-टक्... कधी पाठ केलंस?"

"पहिल्या दिवशीच. टायरवाल्या. तुझ्या डोळ्यावरून माझ्या डोळ्यावर आणताना."

बर्फ पुन्हा भुरभुरू लागला होता. त्याने माळेची एक बाजू उचलून तिच्या गळ्यात घातली. एकाच माळेत दोघं – धुराचा, मिरीचा वास. तिने काढली नाही.

"मंगळवारी तिच्याबरोबर काय करत होतास?" तिने अखेर विचारलं.

"आपल्या रायफलीची जुळी बहीण शोधायला सांगत होतो तिला. नेमकी कोणती हवी, ते तिला नीट बघायचं होतं. म्हटलं, दोन झाल्या की तुला माझी वाट बघत थांबायला नको. मघाशी कानात तेच सांगत होती. एक सापडलीय म्हणे, कुठल्याशा माळ्यावर."

आफ्राने बाहीने डोळे पुसले.

"तिचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"मला दे. मी बोलेन तिच्याशी. तू नाही."

"बरं बाई. आणि काय सांगशील?"

"की ती माळ्यावरची आम्हाला हवी आहे." तिने थंडीने लाल झालेला गाल त्याच्या ओल्या स्वेटरला टेकवला. "आणि आणखी शोधू नकोस म्हणून सांगेन. आपल्याला एकच पुरे."