तोच आहे का?

ही गोष्ट रचलेली नाही. जिने हे पाहिलं, ती पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. भुताखेतांचं तिला वावडंच आहे.

मंगळवार. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं घर.

दादा गेल्यापासून वहिनी तिथे एकटीच राहायची. आज नणंद, म्हणजे हे पाहणारी तीच, तिला कायमची आपल्याकडे न्यायला आली होती.

दाराला नवं कुलूप दिसलं. बाहेर भिंतीवर छोटा कीबोर्ड, त्यावर उत्तर दाखवणारी इवलीशी पट्टी. दादाने हौसेने आणलेलं; काम अर्धवट राहिलेलं. वहिनीने व्हिडिओ बघून बघून स्वतः प्रोग्राम लिहिला होता. बाहेरून शब्द टाइप करायचा, आत साठवलेल्या शब्दाशी जुळला की कडी उघडणार.

शब्द होता 'मीच'. दारात आलं की दादा हेच म्हणायचा.

"पण मेलं उघडतच नाही," वहिनी म्हणाली. "शब्द बरोबर टाकला तरी 'नाही' म्हणतं. मी आपली किल्ली वापरते."

नणंदेने आत टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नजर टाकली आणि हसू दाबलं.

"अगं, तुलनाच चुकलीय. या दोन वाट्या बघ. अगदी सारख्या, पण ही म्हणजे ती नव्हे ना? अक्षरं सारखी आहेत का, हे तू विचारलंच नाहीस. तू विचारलंयस, हा तोच आहे का? बाहेरून टाइप केलेला शब्द दरवेळी नवा. हा प्रोग्राम जन्मात 'हो' म्हणायचा नाही."

"म्हणजे माझ्यासारखाच हट्टी."

"चेष्टा पुरे. मी दुरुस्त करते, तू बॅग भर."

तिने माऊसकडे हात नेला...

बाहेर बटण वाजलं.

मग आणखी एक. सावकाश... दादा एका बोटाने टाइप करायचा, तसं.

जिन्यावर पावलं वाजली नव्हती.

स्क्रीनवर शब्द उमटला. मीच.

त्याच्या खाली... 'हो'.

कडी सरकली. दार आपसूक किलकिलं झालं.

बाहेर कोणी नव्हतं. पायपुसणं तेवढं तिरकं झालं होतं.

"किती उशीर केलात," वहिनी म्हणाली.

नणंदेला ती 'अगं-तुगं' करते.

बॅग भरलीच नाही. प्रोग्रामही तसाच ठेवलाय. "दुरुस्त केला तर कोणीही आत येईल," वहिनी म्हणते.

परवा नणंद पुन्हा गेली. बेल न वाजवता तिने तो शब्द टाइप केला.

'नाही.'

आत वहिनी कोणाशी तरी बोलत होती. बोलता बोलता थांबली...

"अहो, बघा ना, दारात कोण आहे."

आतून पावलं दाराकडे येऊ लागली.

सख्खी बहीण ती. पण आल्या पावली जिना उतरली.