लाल काचेपलीकडची निशाणं

ताईला ते शिखर काळ्या आकाशावर हवं होतं. त्यासाठीच आम्ही हिमनदी चढत होतो! कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर वापरला की निळं आकाश जवळजवळ काळं उतरतं आणि बर्फ उठून दिसतो. पण त्यासाठी मुळात आकाश निळं लागतं. याआधी तीनदा ढगांनी तिच्या तोंडाला पानं पुसली होती. मी रंगीत फोटो काढणारा धाकटा भाऊ, म्हणजे तिच्या लेखी ओझ्याचा बैल. तिसरे आमचे वाटाडे, त्यांना आम्ही काका म्हणायचो.

काका वाटेत लाल निशाणं रोवत आले होते. बर्फाखालच्या भेगा टाळून परतायचा तेवढाच एक रस्ता होता. पण ताईला कोन पसंत पडेना. आणखी थोडं उजवीकडे, आणखी थोडं वर असं करत तिने आम्हाला निशाणांपासून पार लांबच्या एका धारेवर आणून उभं केलं. आकाश मात्र राखेसारखं. ती कॅमेरा लावायची, काढायची, येरझारा घालायची. तिच्याकडे बघून मलाच धाप लागत होती.

खालून ढग चढू लागले तेव्हा काका उठले. "बास, निघायचं. इथून निशाणं दिसायला हवीत."

पावलांचे ठसे वाऱ्याने केव्हाच बुजवले होते. ताईने लांब पल्ल्याची लेन्स उतारावर फिरवली.

"एकही नाही."

"असं कसं? माझ्या हातानं रोवलीत."

"वाऱ्यानं नेली असतील, काका. मला दगडन् दगड दिसतोय."

लेन्सशी कोण वाद घालणार? एकाच दोराला बांधून घेऊन आम्ही सरळ खाली निघालो.

कड्! पुढचे काका छातीपर्यंत गडप झाले. दोर ताणला. मी पालथा पडलो, टाचा रोवल्या. ताईने मागून ओढलं. पुन्हा ओढलं! काका वर आले, पण त्यांचा गुडघा पिरगळला होता. आता एकही पाऊल अंदाजाने टाकून चालणार नव्हतं. मी भयंकर घाबरलो होतो.

ताईच्या हातून कॅमेरा घेऊन मी डोळा लावला. सगळा उतार लाल!

"ताई, फिल्टर चढवलेलाच आहे."

"मग?"

"लाल काचेतून बर्फही लाल आणि निशाणही लाल. दिसणार कसं?"

तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्या काचेतून पाहून तिला तो रंग जाणवेनासाच झाला होता. ती फिल्टर फिरवू लागली. थंडीने तो घट्ट आखडला होता. माझ्या कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स नव्हती आणि नुसत्या डोळ्यांनी तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

तेवढ्यात वर आकाश उघडलं. निळंशार! त्यात शिखर, आणि त्याच्या खांद्यावर एकच पांढरा ढग.

लाल काच उजेड खाते, त्यामुळे फोटोला ट्रायपॉड हवा, वारा थांबायला हवा, म्हणजे चांगली दहा मिनिटं. खालचा ढग उताराच्या मध्यावर पोचला होता.

"फोटो घ्या, बाई," काका म्हणाले. "मी बसतो."

ताईने शिखराकडे पाहिलं. मग काकांच्या गुडघ्याकडे. मग माझ्या हातातली बर्फाची कुऱ्हाड हिसकून घेतली आणि फिल्टरवर घाव घातला! काच फुटली, लेन्सवर लांबलचक ओरखडा उठला. तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

"आहेत. डावीकडे, त्या खडकापाशी पहिलं. त्याच्या खाली दुसरं. चला!"

ती सांगत गेली, मी काकांना खांद्यावर घेऊन चालत गेलो. शेवटच्या निशाणापाशी पोचलो तेव्हा मागे सगळं पांढरं झालं होतं.

निवाऱ्याच्या झोपडीत मी काकांचा गुडघा बांधला. ताई कोपऱ्यात फिल्टरची फुटकी कड हातात घेऊन बसली होती.

"बाई," काका म्हणाले, "पुढच्या खेपेला निशाणं कुठल्या रंगाची आणू, तेवढं आधी सांगा."

ताई खळखळून हसली, आणि मग कितीतरी वेळ तिला रडू आवरेना.