घरी पोचलो की

समोरच्या बाई संध्याकाळी पिशवी द्यायला आल्या तेव्हा मी खोक्यावर बसून टिल्लूच्या शर्टाला बटण लावत होते. आमच्याकडे बसायचं म्हणजे खोक्यांवरच. या जागेत येऊन सहा महिने होत आले, तरी निम्म्या खोक्यांच्या दोऱ्या अजून सुटलेल्या नाहीत आणि दारावर नावाची पाटीही नाही. आतल्या खोलीत माझ्या दोन्ही मुलांचं, ताई आणि टिल्लूचं, पेन्सिलीवरून भांडण चाललं होतं.

"ही तुमची," बाई म्हणाल्या. "जिन्यात एक बाई तुमच्या दाराला अडकवत होत्या. म्हटलं, द्या इकडे, मी देते."

साधी कापडी पिशवी, तोंडाशी गाठ मारलेली. मी हात लावला नाही. "ठेवा तिथे," एवढंच म्हटलं. आत काय असणार ते मला माहीत होतं. आता पुन्हा सगळा संसार बांधायचा, पुन्हा शाळा शोधायच्या, पुन्हा टेम्पोवाल्याशी हुज्जत घालायची, या विचारानेच डोकं उठलं होतं.

बाईंच्या मागून त्यांची चिमणी आत घुसली. चार वर्षांची पोर, पण अंगात वारं भरलेलं. ती एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारायला लागली. बाईंनी कपाळाला हात लावला. "दिवसभर वीट आणलाय हिने. ठेवून घ्या हो हिला तुमच्याकडेच."

"असं बोलू नका," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण चिमणीसुद्धा उडी मारायची थांबली.

बाई ओशाळल्या. तशी भली बाई, गेल्या सहा महिन्यांत दोनदा दूध दिलं होतं. काहीतरी कारण सांगणं भाग होतं आणि मला खोटं पटकन सुचत नाही. मी दिवा लावला, त्यांना बसवलं, आणि आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला घेतलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही परदेशातला गाशा गुंडाळून घरी निघालो होतो. घरी म्हणजे आमच्या स्वतःच्या घरी. लग्नानंतर पोटाला चिमटा काढून घेतलेलं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं कुलूप लावून ठेवलेलं. चावी नणंदेकडे होती. ती सकाळपासूनच तिथे जाऊन झाडलोट करत होती. मला कधी एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभी राहते असं झालं होतं.

पण मध्ये दोन विमानं होती, दोन विमानांच्या मध्ये एका विमानतळावर ताटकळणं होतं, आणि बरोबर दोन मुलं होती. ताई तेव्हा सात वर्षांची, टिल्लू साडेतीनचा. ताईला प्रत्येक विमानात खिडकी हवी होती आणि खिडकी मिळाली की तिला उलटी होत होती. टिल्लूने पहिल्या विमानात पुढच्या गृहस्थांच्या टकलावर टिचक्या मारल्या, बेल्ट काढला, बूट फेकला, आणि 'शू आली' म्हणून मला मांडीवरच्या ट्रेसकट उठवून संडासाच्या दारापाशी गेल्यावर 'नाही आली' म्हणून सांगितलं. नवरा हेडफोन लावून सिनेमा बघत होता. पिशव्या, जॅकेटं, अर्धवट खाल्लेली बिस्किटं, सगळं माझ्या अंगावर. त्या प्रवासात मी कोणाकोणाला मनात काय काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही.

माझ्या नवऱ्याला तेव्हा एक सवय होती. मुलांनी त्रास दिला की समोर दिसेल त्या माणसाला तो मूल देऊन टाकायचा. लिफ्टवाला, दवाखान्यातली नर्स, दुकानातली बाई, कोणीही. "घेऊन जा हो याला, आम्हाला नको." पुढचा माणूसही डोळे वटारून म्हणायचा, "चल रे, घालतो पोत्यात." मूल आईला बिलगायचं आणि सगळे हसायचे. यात विशेष काही नाही. माझे वडीलही मला असेच वाटत फिरायचे.

दुसऱ्या विमानात भर दुपारी सगळ्या खिडक्यांची झापडं ओढायला लावली आणि दिवे मालवले. बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख. विमानाची घरघर तेवढी चालू होती. टिल्लू झोपायचं सोडून सीटवर उभा राहून भोकाड पसरत होता. माणसं माना वळवून बघत होती. नवऱ्याने हेडफोन काढले, मधल्या वाटेपलीकडच्या बाईकडे वाकला आणि म्हणाला, "घेऊन जा हो याला. अगदी फुकट."

तोवर माझं त्या बाईकडे लक्ष गेलं नव्हतं. वयाचा अंदाज येत नव्हता. अंगावर फिकी साडी, पायाशी एक कापडी पिशवी, दुसरं काही सामान नाही. तिच्या बाजूने डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, बरीच वर्षं न उघडलेल्या कपाटाला येतो तसा. ती हसली नाही. डोळेही वटारले नाहीत. तिने टिल्लूकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कधी?"

नवरा जरा गडबडला. मग हसून म्हणाला, "आत्ता नको, आता सामान धरायला माणसं कमी आहेत. घरी पोचलो की न्या."

"बरं," ती म्हणाली.

टिल्लू एकदम गप्प झाला. नवऱ्याने माझ्याकडे 'बघ कसं जमवलं' अशा नजरेनं पाहिलं आणि पुन्हा हेडफोन लावले. त्या क्षणी मला त्याचा खरंच रागही आला नाही. मूल गप्प झालं होतं, मला तेवढं पुरे होतं. मी डोळे मिटले.

जाग आली ती त्या वासाने. वास अगदी नाकाशी होता. शेजारची सीट रिकामी. काळोखात चाचपून बघितलं तर टिल्लूचं पांघरूण तेवढं हाताला लागलं. मग तो दिसला. मधल्या वाटेत, त्या बाईच्या पुढ्यात उभा होता. डोळे मिटलेले, मान एका बाजूला पडलेली, आणि दोन्ही हात सरळ वर केलेले. अंगात कपडा घालताना मुलं करतात तसे. ज्या पोराला साधा बनियन घालायचा तर घरभर पळवायला लागायचं, तो झोपेत हात वर करून उभा होता. बाईने मांडीवरचा एक लहानसा तपकिरी स्वेटर त्याच्या छातीला लावून बघितला.

"बसेल," ती स्वतःशीच म्हणाली.

मी टिल्लूला ओढून घेतलं. आवाज कसाबसा काढला. "अहो, ते गंमत करत होते..."

"हो," ती म्हणाली. "सगळे गंमतच करतात."

"मग..."

"पण देतात." तिने स्वेटरची घडी घातली. तिच्या पिशवीत तसलेच कपडे होते, लहान लहान मापांचे, एकावर एक. "तुम्हीही नको म्हणाला नाहीत."

 मी नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं, तर तो म्हणाला, "अगं, म्हातारी चक्रम आहे, सोड ना." मी घंटा दाबली. एअर होस्टेस आली. मी तिला म्हटलं, आम्हाला जागा बदलून द्या, कुठेही, मागे, संडासाजवळही चालेल. ती कपाळाला आठ्या घालून 'विमान भरलंय' म्हणणार होती, इतक्यात तिची नजर वाटेपलीकडे गेली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "त्यांना काही बोललात का तुम्ही?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. तिने पुढे काही विचारलं नाही. टिल्लूला स्वतः कडेवर घेतलं आणि आम्हाला अगदी मागे, स्वतःच्या लोकांच्या जागेवर नेऊन बसवलं. विमान उतरल्यावर मी सामानाच्या पट्ट्यापाशी, रांगेत, दारात, सगळीकडे बघून घेतलं. ती बाई कुठे दिसली नाही. हळूहळू मलाच माझी लाज वाटायला लागली.

टॅक्सीत मुलं पेंगली. ओळखीचे रस्ते लागले. नवरा खुशीत येऊन कुठली दुकानं बंद झाली ते मोजत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा नणंदेचा फोन आला.

"किती उशीर," ती म्हणाली. "तुमच्या पाहुण्या कधीच्या येऊन बसल्यात."

"कोण पाहुण्या?"

"विमानात भेटलात म्हणे. टिल्लूसाठी स्वेटर आणलाय. चहा दिलाय मी, पण त्या काही घेत नाहीयेत. नुसत्या दाराकडे बघत बसल्यात."

समोर आमची गॅलरी दिसत होती. दिवा लागलेला होता आणि मी चार वर्षांपूर्वी निवडलेला पडदा वाऱ्याने हलत होता. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, गाडी वळवा. नवरा तोंड उघडणार होता, मी फोन त्याच्या कानाला लावला. बहिणीचं बोलणं ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "बाई, एकदा काय ते ठरवा." आम्ही ठरवलं. ती रात्र एका लॉजवर काढली आणि त्या घराचा उंबरा आजतागायत ओलांडलेला नाही. ती बाई कधी उठून गेली ते नणंदेला कळलं नाही. चहाचा कप तसाच भरलेला राहिला.

तेव्हापासून आम्ही भाड्याच्या जागांमधून फिरतो आहोत. पहिल्या जागेत मला वाटलं, सुटलो. मग एक दिवस ताईने भिंतीला चित्र चिकटवलं आणि म्हणाली, "आपलं घर किती छान आहे ना." दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी. आत तोच तपकिरी स्वेटर, फक्त एक माप मोठा, कारण टिल्लू तेवढा वाढला होता. आम्ही जागा सोडली. पुढच्या जागेत नवरा एका संध्याकाळी कामावरून दमून आला, बूट काढले, पाय पसरले आणि म्हणाला, "घरी आलं की बरं वाटतं बुवा." मी तिथल्या तिथे रडायला लागले. सकाळी पिशवी आलीच. एका माणसाला बरं वाटलं म्हणून मला सगळी भांडी पुन्हा कागदात गुंडाळावी लागली. म्हणून खोकी सोडत नाही, पडदे लावत नाही, पाटी लावत नाही. मुलांना 'खोली' म्हणायची सवय लावली आहे. टिल्लू आता साडेसहा वर्षांचा आहे आणि शाळेत 'माझे घर' या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या तर कोरी वही घेऊन येतो. मी कंटाळले आहे. भीतीचाही कंटाळा येतो माणसाला.

एवढं सांगून मी थांबले. आतलं भांडण मिटलं होतं. चिमणी केव्हाच उड्या मारून दमली होती आणि चटईवर आडवी झाली होती. मीच मघाशी बोलता बोलता तिच्या अंगावर चादर टाकली होती.

बाईंनी पिशवीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "उघडा तरी. कदाचित दुसरंच काही असेल."

मी गाठ सोडली. स्वेटरच होता, तपकिरी. पण हातात धरून दिव्याखाली नेला आणि मी बघतच राहिले. तो लहान होता. टिल्लूचा दंडसुद्धा त्याच्या बाहीत गेला नसता. मला आधी हसू आलं आणि मग हुंदका आला. तीन वर्षांनी पहिल्यांदा माप चुकलं होतं. ती थकली असेल, विसरली असेल, नाद सोडला असेल. या घरात... हो, मी मनात 'घर' म्हटलं, आणि तरी काही झालं नाही. उद्या खोकी सोडायची, पडदे लावायचे, नवऱ्याला पाटी आणायला सांगायची, असं मी भराभर ठरवूनही टाकलं.

मग बाईंकडे लक्ष गेलं. त्या स्वेटरकडे बघत होत्या आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"काय झालं?"

"हा... चिमणीला बसेल," त्या म्हणाल्या.

मला एकदम तो वास आला. पिशवीतून यावा तसा नव्हता, दाराच्या फटीतून येत होता.

"जिन्यात त्यांच्याशी तुम्ही काय बोललात?" मी विचारलं.

"काही नाही हो. ही कठड्यावरून लोंबत होती, ऐकत नव्हती. मी आपलं म्हटलं... घेऊन जा हो हिला."

"त्या काय म्हणाल्या?"

"त्यांनी विचारलं, कधी." बाईंचा आवाज अगदी खोल गेला होता. "मी हसले. म्हटलं, जागेपणी नाही आवरायची तुम्हाला. झोपली की न्या."

आम्ही दोघींनी चटईकडे बघितलं. चिमणी गाढ झोपली होती, तोंड जरासं उघडं.

"उठवा तिला," मी म्हटलं.

बाई धावल्या, तिच्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. "चिमणे, ऊठ गं. ऊठ, बाळा... आई काही म्हणत नाही तुला, ऊठ."

चिमणी उठली. म्हणजे बसती झाली. डोळे मिटलेलेच होते आणि मान एका बाजूला पडली होती. तशीच तिने दाराकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात सरळ वर केले.