गोधडीचा उघडा कोपरा

कोयत्याचा पहिला घाव गोधडीवर बसला, आणि हौसाला वाटलं, तो आपल्याच पोटात बसला!

तीन महिने... तीन महिने खपून, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून, टाक्याला टाका लावत तिने शिवलेली ती गोधडी भाच्याने, दीपेशने एका फटक्यात उभी फाडली होती. उद्या त्याच्या बायकोची, सुनीताची ओटी भरायची, सातवा महिना! पनवेलजवळच्या कोन गावातल्या या घरात पहिलटकरणीच्या ओटीला गोधडी लागतेच, आणि तिच्यात घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा लागतो, मग तो माणूस जिवंत असो की गेलेला. सगळ्यांची ऊब लेकराला मिळावी म्हणून! शेवटचा कोपरा मिटायच्या आधी गोधडीच्या पोटात भाकरीचा घास ठेवायचा, म्हणजे पांघरणारा कधी उपाशी राहत नाही. या गोधडीत आजोबांचं धोतर होतं, आजीचं लुगडं होतं, सुनीताचा लग्नातला शालू होता, दीपेशच्या आईच्या, यमुनेच्या हिरव्या साडीचा काठ होता. एकच तुकडा नव्हता, आणि नेमका तोच दीपेशच्या डोळ्यांत खुपला.

"माझ्या आबांचा तुकडा कुठं हाय?" तो गरजला.

"नाय सापडला रे..." हौसाची नजर खाली.

"खोटं! त्यांचा सदरा तुझ्याच ट्रंकेत हाय, मना माहीत हाय! माझ्या आईला तू जाळलंस, स्टोव्हला नको तेवढा पंप मारून! तिला वाचवायला आबा आगीत शिरले. आनी त्याच मानसाला तू गोधडीतनं काढतेस? तुझी लायकी काय गं?"

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं हौसा हेच ऐकत आली होती. नवरा वारल्यावर बाविसाव्या वर्षी ती भावाच्या, मिठागरवाल्या काशीरामच्या घरी परत आली आणि दोनच वर्षांत यमुना वहिनी जळून गेली. स्टोव्ह आपल्या हातून भडकला, असं हौसाने पोलिसांपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बाराव्याला काशीरामने भरल्या पंगतीत सुनावलं, "आजपासनं हिनं या घरातल्या चुलीला हात लावायचा नाय!" झालं. तेव्हापासून घरात म्हाताऱ्या आईने रांधलं, मग पगारी बाईने, मग सुनीताने; काशीराम वारला तरी हुकूम तोच राहिला. गोधडीत ठेवायचा घाससुद्धा हौसाने दुसऱ्याच्या हातून मागून घ्यावा... आणि ज्या पाच वर्षांच्या दीपेशला तिने न्हाऊमाखू घातलं, गोवरात मांडीवर घेतलं, शाळेच्या दारात उन्हातान्हात उभं राहून सांभाळलं, त्याने तिला कधी आत्या म्हणून हाक मारली नाही. 'ए' म्हणायचा. नाहीतर 'हौसाबाय'. एवढंही सोसलं असतं हो तिने, मरेपर्यंत सोसलं असतं!

पण सुनीता मधे पडली.

"अहो, काय करताय! आत्यांना कशाला..."

थाडकन आवाज झाला. सुनीता दिवाणाच्या कोपऱ्यावर जाऊन आपटली, तिचा ओठ फुटला, रक्ताची धार यमुनेच्या हिरव्या काठावर ओघळली. तिने दोन्ही हात पोटावर घेतले. तेवढ्याने त्या नराधमाचं समाधान झालं म्हणता? छे! त्याने तिचे केस मुठीत धरले आणि दुसरा हात वर नेला. त्या हातात कोयता होता!

हौसाने तो खांदा पाहिला. तो उजवीकडे झुकलेला खांदा, ती फुगलेली मानेची शीर... काशीराम! हुबेहूब काशीराम! तिच्या अंतःकरणात एकतीस वर्षं गाडून ठेवलेलं काहीतरी असं उसळून वर आलं, की वयाची, गुडघ्यांची, कशाचीच शुद्ध तिला उरली नाही. ती धावली आणि कोयत्याचं पातं तिने उघड्या पंजात धरलं.

"सोड तिला!"

"हात काढ, मूर्ख बाय! कापशील!"

"कापू दे! जळले तवा नाय मेले, आता काय मरेन? सोड म्हनते ना!"

रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. दीपेशची मूठ सैल पडली. सुनीता सरकत सरकत भिंतीला टेकली. कोयता हौसाने खिडकीतून परसात भिरकावला, तसाच रक्ताळलेला हात ट्रंकेत घातला, तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला सदरा काढला आणि दीपेशच्या तोंडावर मारला.

"घे तुझ्या बापाचा तुकडा! त्या दिवशी हाच होता त्याच्या अंगात. बघ! नीट बघ! आगीत शिरलेल्या मानसाची बाही कशी असते?"

दीपेशने सदरा उलगडला. दोन्ही बाह्या शाबूत. कुठे एक दोरा करपलेला नाही! फक्त छातीवरची बटणं तुटलेली, कुणीतरी जिवाच्या आकांताने ओढावीत तशी.

हौसाने ब्लाउजच्या लांब बाह्या वर सारल्या. मनगटापासून वरपर्यंत कातडी आवळून चुणलेली होती. ते व्रण गाव ओळखत होतं, स्टोव्ह हिच्याच हातून भडकला याची खूण म्हणून!

"तुझ्या आईला मिठी मारली ती मी. मागची खिडकी फोडून आत शिरले. पन उशीर झाला रे... लय उशीर झाला! रॉकेल त्यानं ओतलं होतं. रोज मारायचा तिला. त्या दिवशी डालीत मीठ जास्त झालं एवढंच निमित्त. मिठागरवाल्याच्या घरात मीठ जास्त झालं म्हनून बाई जाळली!"

"खोटं..." दीपेश पुटपुटला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तो सदऱ्याकडे पाहत होता आणि नव्हताही. "खिडकी का फोडलीस? दार... दार होतं ना?"

हौसाने बाह्या पुन्हा खाली ओढल्या.

"कडी," दीपेश म्हणाला. एकाएकी तो लहान मुलाच्या आवाजात बोलू लागला. "कडी बाहेरनं होती. आबांनी लावली. मना बोलले, उघडलीस तर तुलापन आत टाकीन. आई आतून दार वाजवत होती... मी उभा होतो. माझा हात पोचत होता आत्या, कडीला माझा हात पोचत होता!"

आणि तो छत्तीस वर्षांचा दांडगा माणूस फरशीवर कोसळून ऊर फुटेस्तोवर रडू लागला.

"हेच तुना आठवू नये म्हनून गप राहिले," हौसा म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "आई गेली, बाप तुरुंगात, आनी डोक्यात ती कडी... पाच वर्षांचं पोर कसं जगेल? मनाला बोलले, माझं काय, मी रांडमुंड बाई, माझ्यावर जाऊ दे सगलं. पन चुकले मी! तुझा बाप वाचवला आनी तो तुझ्यात वाढवला!"

दीपेशने तिचे पाय धरायला हात पुढे केले. तिने पाय मागे घेतले.

"माझ्या पाया नको पडू. तिच्याकडं बघ."

त्याने सुनीताकडे पाहिलं, आणि तिने तोंड फिरवलं.

सुनीता हौसाला घेऊन पनवेलला दवाखान्यात गेली. हौसाच्या तळहाताला सात टाके पडले, सुनीताच्या ओठाला दोन. सोनोग्राफी झाली. बाळाचे ठोके ठीक होते. डॉक्टरीणबाईंनी लागलं कसं ते विचारलं, तेव्हा सुनीताने हौसाकडे पाहिलं. हौसा म्हणाली, "खरं काय ते सांग, पोरी." सुनीताने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडीची फाटलेली बाजू सुनीताने शिवली. हौसाची सुई धरायची बोटं बांधलेली, ती नुसती शेजारी बसून टाका कुठे घ्यायचा ते दाखवत होती. तीन कोपरे मिटले. चौथा राहिला तेव्हा सुनीता उठली, गॅसचा लायटर आणला आणि हौसाच्या डाव्या हातात ठेवला.

"आत्या, घासाची भाकर आज तुमी करा."

हौसा लायटरकडे पाहतच राहिली. पहिल्या दोन वेळी तिचा अंगठा घसरला, तिसऱ्यांदा ज्योत लागली. एका हाताने थापलेली तांदळाची ती भाकर वेडीवाकडी झाली, कडेला चिरली, पण तव्यावर टम्म फुगली! भाकरी फुगताना पाहून हौसाला हुंदका आवरेना. पहिला घास तिने गोधडीच्या पोटात ठेवला.

दीपेश उंबऱ्याशी उभा होता. त्याने अंगातल्या शर्टाची उजवी बाही टर्रकन फाडली आणि पुढे केली. "आत्या... आबांचा नको. माझा लाव. माझ्या पोराच्या गोधडीत मी तरी..."

"आज नाय." हौसाने सुनीताकडून उघडा कोपरा नुसत्या कच्च्या टाक्याने धरून घेतला. "आमी बेलपाड्याला चाललो, हिच्या माहेरी. ओटी तिथंच भरू. हा कोपरा असाच ऱ्हाईल. पोर चालायला लागलं की ही बाही घेऊन ये. तवर तुझा हात कोनावर उठला नाय, तर शिवीन. माझ्या हातानं शिवीन, बाळा!"

"आनी उठला तर?"

"तर या खेपेला मी गप बसनार नाय. पोलिसांत मीच जाईन."

सुनीताने गोधडीची घडी काखेत घेतली. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. दीपेश एका बाहीचा शर्ट घालून झपाझप पुढे गेला, फाटकाची कडी त्याने स्वतः काढली, आणि त्या दोघी बाहेर पडेपर्यंत फाटक धरून उभा राहिला.